मधल्या स्टेशनांचं भांडण

अव्या,

इतकी वर्षं चाललेला आपला वाद अखेर मी जिंकलो, आणि तुझ्या थोबाडीत एक ठेवून द्यायला तू समोर नाहीस. याचा इतका संताप येतोय की परवा मी गॅरेजमध्ये बेसबॉलच्या बॅटनं भिंतीला भोक पाडलं. इथल्या भिंती तुला ठाऊक आहेत, वरून गुळगुळीत आणि आत पोकळ. पहिल्याच फटक्यात बॅट आरपार गेली. आवाज ऐकून नीला धावत आली, भोकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अजून मारायचंय? मार. पण चष्मा काढून ठेव आधी." मी चष्मा काढून तिच्या हातात दिला आणि आणखी मारलं.

लोक तुझ्याबद्दल फार चांगलं बोलतायत. शोकसभेला लायब्ररीचा हॉल भरला होता. अविनाश किती हसतमुख, अविनाश किती मनमिळाऊ. मनमिळाऊ! मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होतो आणि माझा हात सारखा भुवईकडे जात होता. शिकत असताना, स्टेट कॉलेज गावातल्या अपार्टमेंटमध्ये तू मला कुकरचं झाकण फेकून मारलं होतंस, त्याचा व्रण अजून तिथे आहे. माझा गुन्हा काय, तर तुझ्या रेल्वेच्या टाइमटेबलवर मी आमटीचं पातेलं ठेवलं. ज्या देशात जायची आपली ऐपत नव्हती, त्या देशातल्या गाड्यांचं टाइमटेबल तू लायब्ररीच्या सेलमधून उचलून आणलं होतंस आणि जेवताना ते पोथीसारखं पुढ्यात घेऊन बसायचास. झाकण मारल्यावर मला इमर्जन्सीला घेऊन जाणाराही तूच, आणि टाके घालणाऱ्या डॉक्टरला "ही स्लिप्ड इन द किचन" असं तोंड वर करून सांगणाराही तूच. हे सगळं त्या सभेत उठून सांगावं असं मला फार वाटलं. पण मेधाकडे बघून गप्प बसलो.

म्हणून हे लिहितोय. तुझ्याशी गोड बोलायला मला जमणार नाही. तुलाही ते आवडलं नसतं.

इटलीचंच घे. चौघांनी जायचं ठरलं, तू आणि मेधा, मी आणि नीला. जूनमध्ये, नेपल्स, रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस, सगळं रेल्वेनं. चार गावं, चार माणसं, यात भांडण्यासारखं काय आहे असं कुणालाही वाटेल. पण क्युपर्टिनोच्या तुमच्या डायनिंग टेबलवर तू नकाशा पसरलास आणि दर रविवारी तिथे महाभारत सुरू झालं.

"रोम ते फ्लोरेन्स डायरेक्ट गाडी आहे यार," मी म्हणायचो. "बसलो, डुलकी काढली, उतरलो."

"आणि मधे?"

"मधे काय? मधे खिडकी."

"मधे ओर्व्हिएतो आहे."

"काय आहे तिथे?"

"मला काय माहीत? म्हणून तर उतरायचं."

तुझा नियम ठरलेला होता. दोन मोठ्या गावांच्या मधे एक तरी असं स्टेशन, जिथे आपलं काही काम नाही, कुणी ओळखीचं नाही आणि पुस्तकात ज्याच्याबद्दल कौतुकानं लिहिलेलं नाही. तिथे उतरायचं, सामान स्टेशनवर टाकायचं, गावात भटकायचं, काहीतरी खायचं आणि पुढची मिळेल ती गाडी पकडायची. मी एकदा म्हणालो, निदान उतरण्याला काही कारण तरी शोध. तर म्हणालास, "कारण असेल तर ते काम झालं. काम करायला सांता क्लाराचं ऑफिस आहे की." नेपल्स आणि रोमच्या मधे तू फोर्मिया काढलंस, फ्लोरेन्स आणि व्हेनिसच्या मधे फेरारा. मेधा दशम्या किती दिवस टिकतील याचा हिशेब करायची. नीला म्हणायची, "एवढ्या बॅगा चढवणार-उतरवणार कोण?" तू माझ्याकडे बोट दाखवायचास.

आणि तो शेवटचा रविवार. मी लाल पेन घेतलं आणि नेपल्सपासून व्हेनिसपर्यंत एक सरळ रेघ ओढली. तू माझ्या हातातून नकाशा खेचलास, तो मधोमध फाटला. मी तुला ढकललं, तू मला ढकललंस. दोन नोकरदार, टाय लावून ऑफिसला जाणारी माणसं, आणि मेधाची खुर्ची आपण मोडली. बायका ओरडत होत्या. मग तू ते बोललास जे बोलायला नको होतं. "नंद्या, तू भित्रा आहेस. त्या बसस्टॉपपासून तू भित्रा झालायस आणि आम्हा सगळ्यांना तुझ्या भीतीच्या गाडीत बसवून नेतोयस." माझी तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी तुझ्या नाकावर ठोसा मारला. चांगला सणसणीत. रक्त टेबलावर सांडलं, नकाशावर सांडलं. तू बर्फाची पिशवी नाकाला लावून बसलास, नकाशाकडे बघितलंस आणि हसायला लागलास. "पेरुजावर पडलंय बघ. आता तिथेही उतरावं लागणार."

त्या हसण्यानं मी आणखी चिडलो होतो.

बसस्टॉपचं लिहायलाच हवं, कारण आपल्या वादाचं मूळ तिथे आहे आणि मेधाला तू ते कधी धड सांगितलं नाहीस. इराणमध्ये अमेरिकन लोकांना ओलीस धरलं होतं, तो काळ. आपण बसनं फिलाडेल्फियाला निघालो होतो. मधल्या एका गावात बस बदलायची होती आणि पुढच्या बसला वेळ होता. मी म्हणालो, इथेच बाकावर बसू. तू म्हणालास, गाव बघून येऊ. गाव म्हणजे एक रस्ता, एक चर्च आणि एक डायनर. डायनरच्या पार्किंगमध्ये एका पिकअपजवळ चार जण उभे होते. "आयरेनियन," एक जण म्हणाला. पुढचं मला सलग आठवत नाही. बुटाचं टोक बरगडीत घुसतं तेव्हा आधी आवाज येतो आणि मग दुखतं, एवढं आठवतं. तोंडात रेती गेलेली आठवते. तुझा दात तुटून माझ्या हाताजवळ पडलेला आठवतो. आणि मी ओरडत होतो, "इंडिया! वी आर फ्रॉम इंडिया! इंडिया!"

ते थांबले ते माझ्या ओरडण्यामुळे की डायनरमधली बाई बाहेर आली म्हणून, देव जाणे. परतीच्या बसमध्ये तू रुमालात थुंकत होतास. मला वाटलं, तू त्यांना शिव्या देशील. तू मला दिल्यास. "इंडिया इंडिया काय ओरडत होतास? इराणी असतो तर मारलेलं चाललं असतं का?"

अव्या, त्या प्रश्नाचं उत्तर मी तुला कितीतरी वेळा दिलं आणि तू एकदाही ऐकून घेतलं नाहीस. मार खाणारा माणूस तत्त्वं सांगत नाही. तो जे तोंडाला येईल ते ओरडतो. मी आजही तेच ओरडेन. तुला यात लाज वाटत होती, मला यात जीव वाचवणं दिसत होतं, आणि आपण दोघंही आपापल्या जागी हट्टाला पेटलेले. हा वाद आता तसाच राहणार. मी एकट्यानं तुझी बाजू मांडणार नाही, मला ती पटत नाही.

पण त्यानंतरचं तुझं मी विसरलेलो नाही. मी घराबाहेर पडेनासा झालो होतो. क्लास बुडत होते, गाइड चिडला होता, मी पडदे ओढून अंथरुणात पडून. तू एका सकाळी माझी कॉलर धरून मला उठवलंस, अक्षरशः फरपटत कॅम्पस बसपर्यंत नेलंस. बसमध्ये मला खिडकीशी बसवलंस आणि युनिव्हर्सिटीच्या आधीच्याच स्टॉपवर मला ढकलून उतरवलंस. "चल. इथून पायी." दुसऱ्या दिवशी त्याच्या आधीच्या स्टॉपवर. मग त्याच्याही आधीच्या. शेवटी आपण घरापासून सगळा रस्ता चालत जायला लागलो आणि बसचा पास फुकट गेला. वाटेत मी तुला शिव्या घालायचो, रडायचो, एकदा तर तुला चावलो होतो. तू हात झटकलास आणि म्हणालास, "टिटॅनसचं इंजेक्शन घ्यावं लागणार मला." मी डिग्री घेतली, नोकरी लागली, लग्न केलं, ते सगळं त्या चालण्यातून झालं. हे तुझ्या तोंडावर म्हटलं असतं तर तू चेष्टा करून माझा जीव खाल्ला असतास, म्हणून म्हटलं नाही.

तरीही मी मधे कुठे थांबणारा माणूस उरलो नाही. मी गाडी चालवतो तेव्हा घरून टाकी भरून निघतो आणि पोचेपर्यंत ब्रेकवर पाय ठेवत नाही. नीलाला बाथरूमला जायचं असलं तरी माझी कुरकुर असते. तू मात्र त्या माराच्या बरोबर उलटं केलंस. जिथे जाशील तिथे मुद्दाम मधे थांबायचास, गावातल्या सगळ्यात वाईट दुकानात जाऊन कॉफी घ्यायचास, लोकांशी बोलायचास. जणू त्या चार जणांना तू अजून उत्तर देत होतास.

याचं बीज आणखी मागे आहे, ते नानांचं. मी भुसावळला तुमच्या घरी आलो होतो तेव्हा त्यांच्याच तोंडून ऐकलं. रेल्वेत गार्ड, त्यामुळे वर्षाला कुटुंबाचा पास मिळायचा. इतर लोक पासावर काशी-रामेश्वर करून येत. नाना पासावर ब्रेक जर्नी लिहून घ्यायचे आणि हावड्याला जाताना तुम्हाला भर उन्हात गोंदियाला उतरवायचे. तुझी आई करवादायची. "अहो, गोंदियाला आहे कोण आपलं?" नाना वेटिंग रूममध्ये सतरंजी पसरायचे आणि तुला घेऊन गाव बघायला बाहेर पडायचे. मला म्हणाले होते, "नुसतं पोचायचं तर पार्सलसुद्धा पोचतं. त्याला डब्यात ठेवलं की झालं." तू शेजारी बसून मान डोलवत होतास. बापलेकांचं असं एकमत मी दुसऱ्या कशावर बघितलं नाही.

आता त्या दिवसाचं.

तुला कामासाठी लॉस एंजेलिसला जायचं होतं. सगळे विमानानं जातात. तू गाडी काढलीस. आणि अर्ध्या वाटेत, हायवे सोडून, एका गावात शिरलास. त्या गावाचं नाव मी इथे लिहिणार नाही. माझ्या हातून त्याला तेवढाही मान मिळणार नाही. भर दुपारी, पेट्रोल पंपाच्या दुकानातून तू बाहेर आलास. दोघांनी तुझी गाडी मागितली. तू दिली नाहीस. एकानं गोळी घातली.

मेधाला पोलिसांचा फोन आला, तिनं मला ऑफिसात केला. आम्ही दोघं गेलो. मीच गाडी चालवली, कुठेही न थांबता. तुझ्या अंगावर पांढरी चादर होती आणि एक हात बाहेर राहिला होता, त्याच्या बोटांची सालं निघाली होती. मेधानं ती बोटं तोंडात घेतली, लहान मुलाचं लागलेलं बोट आई घेते तशी. मी पंपावर जाऊन काउंटरवरच्या माणसाला गाठलं. त्यानं काचेतून सगळं बघितलं होतं, ते त्यानं मला पहिल्यापासून सांगितलं. मी बाहेर येऊन ओकलो.

ते दोघं आता सापडलेत. मी मनात त्यांना रोज मारतो. गाडीखाली घालतो, हातानं गळा आवळतो, ऑफिसात मीटिंग चालू असते आणि मी टेबलाखाली मुठी वळून त्यांची डोकी त्या पंपाच्या काँक्रीटवर आपटत असतो. आणि ते संपलं की तुझ्याकडे वळतो. मी सांगितलं होतं ना? मी सांगितलं होतं की नाही, की मधे उतरू नये? ही एकच ओळ सारखी तोंडापर्यंत येते. ती म्हणायला मला सगळ्या जगात एकच माणूस हवा आहे आणि तो तू आहेस.

नानांना कळवायचं काम देवधर काकांनी अंगावर घेतलं. काका इथे सगळ्यांच्या आधी आलेले, डॉक्टर, कुणाकडेही काही झालं की भारतात फोन तेच करतात. त्यांची पद्धत तुला माहीत आहे. पहिल्या फोनला "सीरियस आहे". दुसऱ्या फोनला "प्रयत्न चालू आहेत". तिसऱ्याला बातमी. तुझ्या बाबतीत त्यांनी बातमीही बदलली. अविनाशला झोपेत हार्ट अटॅक आला, काही त्रास झाला नाही.

हे कळलं तेव्हा तुझ्या घरातल्या हॉलमध्ये, वीस माणसांसमोर मी काकांची कॉलर धरली. साठी उलटलेल्या माणसाची. "झोपेत? त्याला गोळी घालून मारलाय, आणि तुम्ही झोपेत म्हणून सांगता?"

काकांनी माझा हात काढला नाही. "सोडू नको, धरून ठेव," ते म्हणाले, "पण ऐक. माझी आई गेली तेव्हा मला सीरियस म्हणूनच सांगितलं होतं. पूर्ण फ्लाइट मी देवाचं नाव घेत बसलो होतो. त्या अख्ख्या प्रवासात आई माझ्यापुरती जिवंत होती, नंदू. इट वॉज नॉट अ बॅड थिंग. आणि तुला काय वाटतं, गोळी घातली एवढंच सांगून संपतं? म्हातारा विचारेल, तिथे का उतरला. मग काय सांगशील?"

मी कॉलर सोडली.  तुला मधे उतरायला कुणी शिकवलं, हे मला माहीत होतं आणि नानांनाही माहीत होतं.

त्या खोटेपणाचा भार सगळा मेधावर आला. नाना शेजारच्या मेडिकलवाल्याच्या फोनवरून तिला फोन करायचे. आदल्या दिवशी काय जेवला होता? छातीत दुखतंय असं म्हणाला होता का? तू उठवायला गेलीस तेव्हा अंग गरम होतं का? ती बिचारी तुझं एक दुखणं रचत बसली होती, रोज थोडंथोडं. एकदा फोन ठेवल्यावर तिनं ओट्यावरची काचेची बरणी उचलून सिंकमध्ये आपटली. मग काचा वेचत बसली.

परवा संध्याकाळी मी मेधाकडेच होतो. काकाही आले होते. मेधा कणीक मळत होती. मी तिला म्हणालो, की इटलीची तिकिटं कॅन्सल करून टाकतो. ती म्हणाली, "करू नकोस. मला जायचंय. कसं ते तू ठरव." मी म्हणालो, मग डायरेक्ट गाड्यांनी जाऊ. तिनं कणकेत आणखी पाणी घातलं. तेवढ्यात फोन वाजला आणि तिनं पिठाचे हात दाखवले, म्हणून मी घेतला.

"कोण, नंदू का?"

"हो नाना."

"डॉक्टर म्हणतात, झोपेत गेला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अरे, तो झोपेत जाणारा पोरगा नव्हे. झोपेतसुद्धा लाथा झाडायचा. त्याच्या आईला एकदा अशी मारली होती की बाई आठ दिवस पाठ धरून चालत होती. खरं सांग मला. कुठे होता तो?"

समोर काका जोरजोरात मान हलवत होते. नाही, नाही. मी मेधाकडे बघितलं. तिनं पिठाच्या हातानंच ओट्याची कड धरली होती.

"सांग त्यांना," ती म्हणाली. "मला आता आणखी खोटं बोलवत नाही."

"नाना, तो घरी नव्हता," मी म्हणालो. "गाडी घेऊन लॉस एंजेलिसला निघाला होता. मधे उतरला."

"कुठे?"

मी नाव सांगितलं. त्यांना ते नीट कळेना. मी एकेक अक्षर सांगितलं आणि ते तिकडे एकेक अक्षर परत म्हणत गेले.

"काय आहे तिथे?"

"काही नाही. पेट्रोल पंप आणि एक दुकान."

 मग नानांचा आवाज आला, एकदम बारीक झालेला. "मीच लावली रे त्याला ही खोड. लहानपणापासून मीच उतरवत आलो त्याला."

काकांनी डोळे मिटले. मला काय झालं कोण जाणे. ज्या माणसाला मी आजवर अहो-जाहोशिवाय बोललो नाही, चप्पल न काढता ज्यांच्यासमोर उभा राहिलो नाही, त्यांच्यावर मी घसा फोडून ओरडलो. "गप्प बसा नाना! गोळी तुम्ही घातली नाही! दोन हरामखोरांनी घातली!"

"गोळी?" नाना म्हणाले.

तो शब्द मी अजून सांगितलाच नव्हता. तिकडे मेडिकलवाला "काका, बसा, बसा आधी" म्हणत होता, स्टूल ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं, मी म्हाताऱ्याला मारलं. मेधा माझ्याजवळ येऊन रिसीव्हरला कान लावून उभी राहिली.

"मग हा काय करत होता?" नानांचा आवाज परत आला. "हात वर करून उभा होता?"

"नाही नाना. त्यांनी किल्ली मागितली. याच्या हातात कॉफी होती, ती यानं एकाच्या तोंडावर फेकली. दुसऱ्याच्या जबड्यावर ठोसा मारला. मग पहिल्यानं गोळी घातली."

"कॉफी फेकली?"

"हो."

"गरम होती का?"

काउंटरवरच्या माणसानं मला तेही सांगितलं होतं. "नुकतीच ओतून घेतलेली होती, नाना. वाफा निघत होत्या. त्या माणसाचं तोंड सोललंय."

"बरं झालं," नाना म्हणाले. "बरं केलं."

आणि मग ते रडले. मेडिकलच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, मोठ्यानं. हार्ट अटॅकच्या बातमीला ते रडले नव्हते, असं मेधा नंतर म्हणाली. नुसते हं हं करत होते. इकडे आम्ही तिघंही रडत होतो, काकासुद्धा, आणि मिनिटांचं मीटर पळत होतं आणि कुणालाच फोन ठेवायचं सुचत नव्हतं.

शेवटी नानांनी नाक शिंकरलं. "तुमचं ते इटलीचं कधीचं आहे?"

"जूनचं. पण नाना..."

"मेधाला घेऊन जा. आणि डायरेक्ट गाडीनं नेलंस ना, तर भुसावळला पाय ठेवायचा नाही. तंगडं तोडून हातात देईन." आणि त्यांनी फोन ठेवला.

काकांनी रुमालानं डोळे पुसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कुठे कुठे उतरणार आहात?" मेधानं हात धुतले, कपाटातून फाटका नकाशा काढला आणि चिकटपट्टी शोधायला लागली.

तर असं आहे. तुझ्या बापानं मला दम दिलाय, तू नेहमी द्यायचास तसाच. मेधा, नीला आणि मी, आम्ही तिघं जाऊ. फोर्मियाला उतरू, ओर्व्हिएतोला उतरू, फेराराला उतरू. नीलाच्या बॅगा मी चढवीन आणि उतरवीन. प्रत्येक प्लॅटफॉर्मवर मी आधी पुढच्या गाडीची वेळ बघीन, समोरून दोन माणसं एकत्र येताना दिसली की दोघींना घेऊन पलीकडच्या बाजूला जाईन, आणि मी तुला मराठीतल्या येतील तेवढ्या सगळ्या शिव्या घालीन. तुझ्यामुळे मी सुधारलो असं समजू नकोस. तुझा नियम मला आजही मूर्खपणाचा वाटतो.

नानांना मी एक गोष्ट बोललो नाही आणि मेधासमोर कधी बोलणार नाही. तुला सांगतो. कॉफी फेकलीस ते ठीक. ठोसा मारलास तेही एक वेळ समजू शकतो. पण किल्ली द्यायची होतीस, अव्या. कसली गाडी होती ती! तिचा एसीसुद्धा धड चालत नव्हता.